काँक्रीटमधलं मीठ सांगणारा सेन्सर: औसा तालुक्यातल्या एका टाकीवर अडीच वर्षं वापरून

२०१९ च्या मे महिन्यात औसा तालुक्यातल्या एका गावच्या पाण्याच्या टाकीचा कॉलम मी दुरुस्त करून दिला. एक लाख लिटरची टाकी, सहा कॉलम, बांधून पंधरा वर्षं झालेली. एका कॉलमचा पाय जमिनीपासून तीन फुटांपर्यंत फुटला होता, गज उघडे पडले होते. पोकळ झालेलं काँक्रीट फोडून काढलं, गज घासून चकचकीत केले, प्रायमर मारला, मायक्रो-काँक्रीट (दुरुस्तीसाठीचं बारीक खडीचं काँक्रीट) भरलं, पोती गुंडाळून सात दिवस पाणी मारलं. काम नीट झालं होतं, आजही मी तेच म्हणेन. २०२२ च्या दिवाळीत तिथल्या जलसुरक्षक काकांचा फोन आला. "मॅडम, तुमी भरलं तेवढं टणक हाय. त्याच्या वरतीच चीर पडलीय बघा, हातभर."

त्या हातभर चिरेमुळे मी हे सेन्सर घेतले.

मी लातूरची, सोळा वर्षं जुन्या बांधकामांची दुरुस्ती करते. गंजलेलं लोखंड रोज बघते. तरी क्लोराईडचं, म्हणजे मिठातल्या गज गंजवणाऱ्या घटकाचं, नाव काढलं की आमच्याकडचे बहुतेक इंजिनिअर कोकणाकडे बोट दाखवतात. समुद्र तीनशे किलोमीटरच्या पलीकडे, आपल्याकडे कुठलं आलंय मीठ? मीही बरीच वर्षं तेच समजत होते.

आमच्याकडे मीठ येतं ते पाण्यातून. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. त्या वर्षीही घरं बांधली गेलीच, टँकरच्या नाहीतर सात-आठशे फुटी बोअरच्या पाण्यावर. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय संहितेप्रमाणे लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी मिसळायच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतच क्लोराईड चालतं. मी तपासून घेतलेल्या एका बोअरला १,४०० आलं होतं. आकडा बघून धडकी भरते, पण हिशोब करून बघा. घनमीटरला १८० लिटर पाणी धरलं तर त्यातून काँक्रीटमध्ये गेलेलं क्लोराईड होतं पाव किलो. त्याच संहितेनं सगळं मिळून घनमीटरला ०.६ किलोपर्यंत मुभा दिलेली आहे. म्हणजे खारं पाणी वापरू नये हे खरंच, पण एवढ्यानं टाकीचा कॉलम पंधरा वर्षांत फुटत नाही. कुठून तरी आणखी भर पडत असते. ती कुठून, हे समजायचं तर मीठ पहिल्यापासून आत होतं की बाहेरून शिरतंय, एवढं आधी कळायला हवं. मला या सेन्सरकडून हवं होतं ते हेच.

तोपर्यंत माझ्याकडे दोन मार्ग होते. एक हाफ-सेल. कॉलमवर तांबे-कॉपर सल्फेटचा इलेक्ट्रोड टेकवायचा, दुसरी तार गजाला जोडायची आणि मिलिव्होल्ट वाचायचे. उणे ३५० च्या खाली गेलं की गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्के, उणे २०० च्या वर राहिलं तर नसण्याची शक्यता तेवढीच. पण हे कळतं तेव्हा गंज लागून गेलेला असतो. दुसरा मार्ग ड्रिलनं वेगवेगळ्या खोलीची भुकटी काढून प्रयोगशाळेत क्लोराईड मोजायचा. तो खात्रीचा आहे, पण दर वेळी कॉलमला नवं भोक, आणि हाती येतं ते त्या एका दिवसापुरतं.

आता वस्तू. कंपनीचं नाव देत नाही. या तत्त्वावरचे संच वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात आणि मला सांगायचंय ते या प्रकारच्या सेन्सरबद्दल. माझ्या संचात अंगठ्याएवढ्या जाडीची, इपॉक्सीची एक दांडी आहे. तिच्या अंगावर, काँक्रीटच्या पृष्ठभागापासून १०, २५ आणि ४० मिलिमीटर आत येतील अशा, चांदीच्या तीन बारीक तारा उघड्या ठेवलेल्या, त्यांवर सिल्व्हर क्लोराईडचा थर. शेजारी मँगनीज डायऑक्साईडचा संदर्भ-इलेक्ट्रोड, ज्याच्या तुलनेत तारा मोजायच्या तो, आणि तापमानासाठी थर्मिस्टर. काँक्रीटच्या छिद्रांमधल्या पाण्यात क्लोराईड वाढलं की चांदीच्या तारेचा विभव (व्होल्टेज) घसरतो. २५ अंशाला क्लोराईड दहापट झालं तर घसरण ५९ मिलिव्होल्ट, दुप्पट झालं तर सुमारे १८. काम एवढ्यावरच चालतं. आत बॅटरी नाही, काही हलत नाही, काही संपत नाही. मोजणारं मीटर मात्र चांगल्या इनपुट रोधाचं लागतं, निदान १० मेगाओहमचं, नाहीतर मीटरच त्या इवल्याशा विद्युतघटातून प्रवाह ओढतं आणि रीडिंग बिघडतं.

एक संच साडेएकवीस हजारांना पडला. मी तीन घेतले. आकडे साठवून मोबाईलवर पाठवणारा लॉगर अठ्ठेचाळीस हजारांचा. जीएसटी धरून सगळं मिळून एक लाख तेहतीस हजारांच्या आसपास गेलं. दुरुस्ती गावाच्या पैशातून झाली, सेन्सर मी माझ्या पैशातून बसवले. माझं काम परत का फुटलं ते मला कळायलाच हवं होतं.

पार्सल फेब्रुवारी २०२३ मध्ये आलं. आलेल्या दिवशीच बसवू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. माहितीपत्रकात "कारखान्यात अंशांकित" असं, म्हणजे आकडे प्रमाणाशी जुळवून दिलेत असं, लिहिलेलं असलं तरी घरी तपासा. चुन्याची संपृक्त निवळी करा, कारण काँक्रीटमधलं पाणी अल्कधर्मी असतं, साध्या पाण्यात तपासून उपयोग नाही. तिच्या एकेक लिटरमध्ये प्रयोगशाळेतलं सोडियम क्लोराईड ०.५८४ ग्रॅम, ५.८४ ग्रॅम आणि ५८.४ ग्रॅम घाला. स्वयंपाकघरातलं मीठ नको, त्यात आयोडिनसाठी आणि मोकळं राहावं म्हणून काय काय घातलेलं असतं. दांडी अंधाऱ्या जागी ठेवा. सिल्व्हर क्लोराईड उजेडानं काळं पडतं, कंपनीनंही काळ्या नळीत घालूनच पाठवलेली असते. एकेका बरणीत दोन-दोन दिवस ठेवून रीडिंग घेतलं. नऊपैकी आठ तारांना दर दहापटीमागे ५५ ते ५७ मिलिव्होल्ट मिळाले, जे बरोबर आहे. नववीला ४१. ती तार तशीच कॉलममध्ये गेली असती तर पुढची दहा वर्षं तिच्यावर विश्वास ठेवून मी चुकीचे निर्णय घेतले असते. विक्रेत्यानं वाद न घालता संच बदलून दिला, पण त्यात पाच आठवडे गेले, आणि तेवढ्यात मार्च संपला.

ही तपासणी एवढी का महत्त्वाची, तेही सांगते. आकडा लॉगॅरिदमचा आहे. विभवात १० मिलिव्होल्टची चूक झाली तर क्लोराईडच्या उत्तरात जवळजवळ दीडपट फरक पडतो. "लिटरला अमुक इतकं क्लोराईड" असं दोन दशांश स्थळांपर्यंत मोबाईलवर दिसतं, ते दशांश मनावर घेऊ नका. संदर्भ-इलेक्ट्रोड आणि चांदीची तार वेगवेगळ्या खोलीवर असतील, त्या दोन जागांची अल्कधर्मिता वेगळी असेल, तर तेवढ्यानंच काही मिलिव्होल्ट इकडेतिकडे होतात. माझ्या संचात संदर्भ-इलेक्ट्रोड मधल्या तारेच्या खोलीवर आहे, त्यामुळे बाहेरच्या, १० मिलिमीटरच्या तारेवर मी थोडा कमी भरवसा ठेवते.

बसवण्याआधी चीर का पडली ते सांगायला हवं, कारण सेन्सर कुठे बसवायचा ते त्यावरच ठरलं. मी फोडून काढलं ते पोकळ झालेलं काँक्रीट. वरचं, हातोडीला खणखणीत वाजणारं, तसंच ठेवलं. पण मीठ त्यातही होतं. आधी खालचा गज गंजत होता तेव्हा तो विद्युतरासायनिक अर्थानं वरच्या गजाला वाचवत होता. खालचा मी स्वच्छ करून नव्या काँक्रीटमध्ये झाकला, तो शांत झाला, आणि वरच्याचं संरक्षण गेलं. आता नव्या भागातलं लोखंड कॅथोड, म्हणजे वाचणारी बाजू, आणि कडेचं जुनं लोखंड अ‍ॅनोड, म्हणजे गंजणारी बाजू. गंज तिथं सरकला. गंजाचं आकारमान लोखंडाच्या दोन ते सहापट, म्हणून काँक्रीट चिरलं. आणि क्लोराईड या सगळ्यात खर्च होत नाही, ते लोखंडावरचा संरक्षक थर फोडतं आणि पुढच्या वेळेसाठी पुन्हा मोकळं होतं. पुस्तकात हे मी वाचलं होतं. माझ्या हातच्या कामात बघितलं ते पहिल्यांदाच.

म्हणून पहिला संच नव्या दुरुस्तीच्या वरच्या कडेला, जुन्या काँक्रीटमध्ये. दुसरा त्याच कॉलमच्या पायाशी, नव्यानं भरलेल्या मायक्रो-काँक्रीटमध्ये. तिसरा शेजारच्या कॉलममध्ये, जो दिसायला एकदम ठणठणीत होता. तुम्ही एकच संच घेणार असाल तर तो दुरुस्तीच्या मधोमध बसवू नका. तिथं काँक्रीट नवं, चांगलं, मीठ नाही, आकडे वर्षानुवर्षं छान येतील आणि इमारत शेजारी फुटत राहील. कडेला बसवा.

नव्या काँक्रीटमध्ये बसवणं सोपं. दांडी पिंजऱ्याला बांधायची, गजाला टेकू द्यायची नाही, केबल वरून काढायची, व्हायब्रेटर लांबून चालवायचा. जुन्यात बसवताना भोक पाडावं लागतं, दांडी ठेवून ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ मसाला, भरावा लागतो, आणि इथंच माझी फसगत झाली. हे माहितीपत्रकात कुठंही नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

भोकात भरलेल्या ग्राउटमध्ये मीठ नसतं. भोवतालच्या जुन्या काँक्रीटमध्ये असतं. ते हळूहळू ग्राउटमध्ये झिरपतं. एप्रिलमध्ये बसवल्यापासून पहिल्या संचाच्या तिन्ही तारा घसरायला लागल्या. मे महिन्यात घसरण, जूनमध्ये घसरण. मी घाबरले. नव्यानं मीठ शिरतंय असं समजून टाकीचा ओव्हरफ्लो पाइप दोनदा तपासला, प्लंबर नेला. तसं काहीच नव्हतं. ग्राउट भोवतालच्या काँक्रीटशी बरोबरीला येत होता, एवढंच. सप्टेंबरमध्ये रेषा आडवी झाली आणि तेव्हापासूनचे आकडे मी खरे धरते. जुन्या बांधकामात बसवलेल्या सेन्सरचे पहिले पाच-सहा महिने वहीत लिहून ठेवा, पण त्यावरून कुणाला काही सांगू नका. ज्यानं मला हे विकलं त्यानं हे एक वाक्य सांगायला हवं होतं.

सप्टेंबरनंतर जे दिसलं त्यासाठी मात्र सगळे पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

पहिल्या संचात, चिरेच्या जागी, तिन्ही तारांची रीडिंग एकमेकांच्या ९ मिलिव्होल्टच्या आत. म्हणजे मीठ सगळीकडे भिनलेलं, बाहेर-आत असा उतार उरलेलाच नाही. तिसऱ्या संचात, त्या ठणठणीत दिसणाऱ्या कॉलममध्ये, १० मिलिमीटर आणि ४० मिलिमीटर यांच्यात ५२ मिलिव्होल्टचं अंतर. हिशोबानं बाहेरच्या बाजूला आतल्यापेक्षा जवळपास आठपट क्लोराईड. हे मिसळलेल्या पाण्यातून आलेलं मीठ नव्हे. ते असतं तर तिन्ही तारांवर सारखं दिसलं असतं. हे बाहेरून शिरत होतं आणि अजून गजापर्यंत पुरतं पोचलं नव्हतं. आणि हा कॉलम हातोडीनं, डोळ्यांनी, हाफ-सेलनंसुद्धा निर्दोष ठरला होता.

बाहेरून म्हणजे कुठून, हे मात्र सेन्सर सांगत नाही. ते आपल्यालाच शोधावं लागतं. टाकीखाली या दोन कॉलमांमध्ये विटांची भिंत घालून एक खोली केलेली होती. काका मला दार उघडून देत म्हणाले, "काय बघायलाव मॅडम? हितं तर नुसती टीसीएलची पोती हायत. पयल्यापासून हितंच ठेवायलोत."

टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लिचिंग पावडर. मराठवाड्यात जवळजवळ प्रत्येक गावात असते आणि टाकीखालची खोली हीच तिची सोयीची जागा. ताज्या पावडरीत वापरण्याजोगा क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. पोतं उघडं राहिलं, दमट हवा लागली की क्लोरीन उडून जातो आणि मागं बरंचसं कॅल्शियम क्लोराईड उरतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून त्या खोलीची फरशी आणि कॉलमचा पाय भर एप्रिलातही ओलसर असायचा. गावात सगळे म्हणायचे टाकी गळते, आणि २०१९ मध्ये मीही तेच लिहून दिलं होतं. टाकी गळत नव्हती. कॉलमला चिकटून ठेवलेली पोती, तिथंच कालवलेली पावडर, तिथंच धुतलेली बादली, वर्षानुवर्षं. समुद्रकाठच्या धक्क्यासारखी अवस्था आम्ही औसा तालुक्यात तयार केली होती.

पोती ऑक्टोबर २०२३ मध्ये हलवली. टाकीपासून लांब, वेगळी छोटी शेड, प्लास्टिकचे झाकणवाले पिंप, कालवायला सिमेंटचा वेगळा कट्टा आणि धुण्याचं पाणी काढून द्यायला चर. खोलीची फरशी उकरून टाकली. कॉलम गोड्या पाण्यानं धुऊन, पूर्ण सुकवून कोटिंग केलं. यात काकांचा वाटा सगळ्यात मोठा. कट्टा कुठं हवा, पिंप किती उंचीवर हवं म्हणजे वाकावं लागणार नाही, हे सगळं त्यांनी ठरवलं, म्हणून ते टिकलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सरपंच ताईंनी मोबाईलवरचा आलेख बघितला आणि विचारलं, "मॅडम, पोती हलवून चार महिने झाले. मग आतली रेघ अजून का घसरायलीय?" प्रश्न अगदी बरोबर होता. ४० मिलिमीटरची तार खरंच अजून घसरत होती. बाहेरून येणं थांबलं तरी आधी शिरलेलं मीठ जिथं जास्त आहे तिथून जिथं कमी आहे तिकडं सरकतच राहतं. बाहेरची तार वर येऊ लागली होती, आतली खाली जात होती, दोघींतलं अंतर कमी होत होतं. पावसाळा गेल्यावर आतलीही स्थिर झाली. एका दिवसाच्या भुकटी-चाचणीतून हे कुणालाच दिसलं नसतं, आणि दिसलं नसतं तर "पोती हलवून काय उपयोग झाला" म्हणत ती परत खोलीत गेली असती.

पडताळणी म्हणून मी दोन्ही कॉलमांची भुकटी प्रयोगशाळेत दिली. चिरेजवळ काँक्रीटच्या वजनाच्या ०.०८५ टक्के क्लोराईड आलं. घनमीटरला २,४०० किलो धरले तर दोन किलोच्या वर, संहितेतल्या मर्यादेच्या तिप्पट. तिसऱ्या संचाच्या कॉलममध्ये बाहेर ०.११ आणि ४० मिलिमीटरला ०.०२. म्हणजे साडेपाचपट, आणि सेन्सर सांगत होता आठपट. यात कुणी खोटं नाही. प्रयोगशाळा आम्लात सगळं विरघळवून एकूण क्लोराईड मोजते. त्यातलं काही सिमेंटच्या अ‍ॅल्युमिनेटांनी बांधून ठेवलेलं असतं, ते लोखंडाला त्रास देत नाही. सेन्सरला कळतं ते फक्त पाण्यात मोकळं असलेलं. गजाच्या दृष्टीनं तेच कामाचं, पण संहितेतले आकडे एकूण क्लोराईडचे आहेत. त्यामुळे सेन्सरचा आकडा थेट ०.६ शी लावून बघू नका. हाच घोटाळा मी एका अनुभवी कन्सल्टंटच्या अहवालात बघितलाय. निदान एकदा तरी भुकटीची चाचणी करून दोन्ही शेजारी मांडा.

आता त्रास. उन्हाळ्यात हा सेन्सर अवघड होतो. पहिला संच पश्चिमेच्या अंगाला आहे. मे महिन्यात दुपारी आतला थर्मिस्टर ४६ अंश दाखवत होता. तापमानानुसार विभव बदलतो हे लॉगर लक्षात घेतो, पण काँक्रीट इतकं वाळतं की बाहेरच्या तारेला भोवती पुरेसं पाणीच राहत नाही आणि रीडिंग उड्या मारतं. आता मी उन्हाळ्यात फक्त पहाटे पाचचं रीडिंग धरते, तेही २५ आणि ४० मिलिमीटरचंच. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की सगळं जागेवर येतं. मराठवाड्यात वापरणाऱ्यानं वर्षातून तीन महिने बाहेरच्या तारेचा नाद सोडायची तयारी ठेवावी.

लॉगर ही या संचातली सगळ्यात कच्ची वस्तू. पहिला डबा आठ महिन्यांत बंद पडला, आत ओल शिरली होती. सौर पट्टी वानरांनी दोनदा उपटली. सिमकार्डाचं रिचार्ज संपलं की आकडे साठवले जातात असं सांगितलं होतं, ते खरं निघालं नाही, १९ दिवस कोरे गेले. तक्रार केल्यावर उत्तर येतं, पण माणूस येत नाही. "पुण्याला पाठवून द्या" हेच दर वेळी. लातूरपर्यंत सेवा द्यायची नसेल तर विकताना तसं सांगावं. खरं तर लॉगरची गरजच किती, असा मला प्रश्न पडलाय. क्लोराईड तासाला बदलत नाही. काकांना मी मीटर कसं लावायचं ते दाखवलं, आणि गेलं वर्षभर महिन्याच्या एक तारखेला ते पहाटे आकडे वहीत लिहून मला फोटो पाठवतात. लॉगर आणि वही यांत २ मिलिव्होल्टच्या वर फरक मला अजून मिळालेला नाही.

चांदीची तार किती वर्षं टिकेल, हा प्रश्न मला सगळेच विचारतात. अति अल्कधर्मी आणि क्लोराईड कमी असलेल्या काँक्रीटमध्ये सिल्व्हर क्लोराईडचा थर हळूहळू बदलतो, आकडा सरकू लागतो, हे या सेन्सरचं ठाऊक असलेलं दुखणं आहे. माझा दुसरा संच, नव्या मायक्रो-काँक्रीटमधला, नेमका अशाच जागी आहे आणि त्याची बाहेरची तार दुसऱ्या वर्षात १२ मिलिव्होल्टनी सरकली, तीही उलट दिशेनं. तिथलं क्लोराईड कमी झालं असं मी मानत नाही, तारच बदलली असं मानते. ज्या काँक्रीटमध्ये मीठ मुळात नाही तिथं हा सेन्सर सगळ्यात कमी भरवशाचा, आणि विकणारे तो नव्या बांधकामासाठीच जास्त सुचवतात. तुमचं सिमेंट स्लॅगचं, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतल्या मळीचं, असेल तर आणखी सांभाळा, त्यातल्या सल्फाइडमुळे चांदी बिघडते. आमच्याकडे बहुतेक राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट असतं, परळीची राख सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे ही अडचण मला आली नाही.

नव्या बांधकामाला काही ठेवायचंच असेल तर साध्या लोखंडी तुकड्यांची शिडी बघा. वेगवेगळ्या खोलीवर गजाच्याच जातीचे तुकडे ठेवायचे, कोणता गंजायला लागला ते बघत जायचं. ही पद्धत जर्मनीतल्या आखेनची, डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट प्रकल्पात ती वापरलेली आहे. ती क्लोराईडचा आकडा देत नाही, पण लोखंडाला लोखंडच विचारते. जुन्या बांधकामात मात्र, मीठ आहे हे माहीत असताना, ते कुठून कुठं चाललंय हे बघायला चांदीची तारच बरी.

घरच्या स्लॅबसाठी किंवा बाथरूमखालच्या पोपड्यांसाठी हा खर्च करू नका. तिथं आधी गळती थांबवा, कव्हर, म्हणजे गजावरच्या काँक्रीटची जाडी, किती आहे ते बघा, फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारून कार्बोनेशन, म्हणजे हवेमुळे काँक्रीटची अल्कधर्मिता जाणं, किती आत गेलंय ते तपासा. बहुतेक घरांत दोष तिथंच सापडतो. या टाकीच्या कॉलमलासुद्धा ४० मिलिमीटर कव्हर हवं होतं, मला काही ठिकाणी २२ मिळालं. कव्हर ब्लॉकला काही पैसे पडतात, या सेन्सरला हजारो. पण टाक्या, जलशुद्धीकरण केंद्रं, पोहण्याचे तलाव, जिथं जिथं क्लोरीन हाताळला जातो आणि कॉलम पडला तर माणसं दगावतील, तिथं एक संच तरी बसवावा असं माझं ठाम मत आहे.

सेन्सरला मी पाचपैकी चार देईन. लॉगरला दीड. विक्रीनंतरच्या सेवेला एक.

गेल्या आठवड्यात निलंगा तालुक्यातली एक टाकी बघून आले. टाकीखाली तशीच खोली, तशीच पोती, कॉलम दिसायला उत्तम. दोन संच मागवलेत, लॉगरशिवाय. चुन्याची निवळी कालच करून ठेवलीय, आणि पोती हलवायला सांगितलंय ते सेन्सर यायच्या आधीच.